कुंचीचे अस्तर

शके अठराशे ऐंशीच्या पौषात, ऐन थंडीत, वेणूआत्या भाचीच्या बारशासाठी घरीच खणाची कुंची शिवत होत्या. शिवणाच्या पेटीत जुन्या लुगड्याचा विरलेला तुकडा धास्तावून बसला होता. कारण जे कापड उरेल, त्याचे पोतेरे होणार होते.

“आजोबा, तुम्ही आता चुलीपाशीच शोभाल!” जरीचा खण खिदळला.

माप पाहण्यासाठी कुंची घातली, तोच बाळाने भोकाड पसरले. खणाची जर कपाळाला टोचत होती.

“खणोबा, जरा सरका,” सुई म्हणाली. “आजोबांना आत येऊ द्या.”

आत्यांनी टाके उसवून लुगड्याचे मऊ अस्तर लावले.

बाराव्या दिवशी, बारशाला, बायकांनी खणाचे तोंड भरून कौतुक केले. खण ओशाळून म्हणाला, “आजोबा, हा मान तुमचा.”

“हळू बोल,” तुकडा पुटपुटला. “बाळ आत्ताच झोपले आहे.”