नंदकाच्या माळावरचे गवत

पूर्वी अंजनपुरात राजा सुदंत राज्य करीत होता. त्या काळी नगराबाहेरच्या कोरड्या माळरानात बोधिसत्त्व एडक्याच्या जन्माला आले. जन्मताच आई गेली, तेव्हा चंपिका नावाच्या मेंढपाळ बाईने त्यांना शेळीच्या दुधावर वाढवले. एडक्याचा तिच्यावर फार जीव.

त्या मुलखाची एक रीत होती. पिकल्या गवताची कुसळे रुतलेली लोकर व्यापारी हातात धरीत नसत, म्हणून गवत बीवर येण्याआधीच कळप सोडायचे. चांगल्या पावसाच्या वर्षांत हे खपून गेले. मग दोन वर्षे आभाळ कोरडे गेले. मेंढरांनी गवत मुळापर्यंत खाल्ले, आणि पुन्हा उगवायला मातीत बीच नव्हते. उघड्या जमिनीवर कुठल्याशा तांड्याच्या वैरणीतून आलेले कडू तण माजले. लांबून सारे हिरवेगार, मेंढरे मात्र उपाशी! टेकडीखालचे चंपिकेचे लहानसे कुरण तेवढे वाचले होते.

तिसऱ्या वर्षी पाऊस झाला. कुरणातले गवत पोटरीला लागले. चंपिका कळप सोडायला निघाली, तर एडका वाटेत आडवा.

"माय, याला पिकू दे. या माळाचं एवढंच बियाणं उरलंय."

"आणि लोकर? ती कुणी घेतली नाही तर वर्षभर मी खाऊ काय, बाळा?"

"लोकर पुन्हा वाढेल. हे गवत संपलं तर कुठून आणशील?"

चंपिकेने कुरणाला काट्यांचे कुंपण घातले आणि दोन महिने कळप बाभळीच्या शेंगांवर जगवला. एडका सर्वांच्या शेवटी खाई. शेजारचा मेंढपाळ नंदक येता-जाता टोमणे मारी, "एडक्यानं सांगावं नि मालकिणीनं ऐकावं! उद्या तुलाच दावणीला बांधील हो तो."

गवत पिकले. मेंढरे पोटभर चरली आणि अंगभर बियांची कुसळे घेऊन बाहेर पडली. एडका मात्र घराकडे वळेना. तो कळपाला थेट नंदकाच्या उजाड माळावर घेऊन गेला.

चंपिका चिडली. "आपल्याला हसणाऱ्याच्या रानात आपलं बी?"

"त्याची मेंढरं कुठं हसली, माय?"

चंपिकेला हसू आले. पदर खोचून ती माळावरचे तण उपटू लागली आणि मागून मेंढरे बी सांडत चालली.

त्या वर्षी तिची लोकर कुणी घेतली नाही. तिने पेजेवर दिवस काढले. पुढच्या पावसाळ्यात नंदकाच्या माळावर गवताची कोवळी पाती वर आली. नंदक नवी घोंगडी घेऊन आला. त्याने ती चंपिकेच्या खांद्यावर घातली आणि एडक्यापुढे हात जोडले.

जमलेल्या भिक्षूंना ही पूर्वजन्मीची कथा सांगून त्यांचे गुरू, शास्ते, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाची चंपिका म्हणजे आज आपल्याला जेवू घालणारी ही उपासिका. नंदक म्हणजे काल आपले चीवर आजाऱ्याला पांघरणारा हा भिक्षू. तो एडका मी होतो. हसणाऱ्याच्याही मेंढरांची भूक आपली वाटणे, यालाच मैत्री म्हणतात."