पिवळ्या छपराखालचे कासव

एका घाटाच्या पायथ्याशी एक कासव राहत असे. राहत असे म्हणण्यापेक्षा बसून असे म्हटलेले बरे, कारण समोरचा ओढा ओलांडून ते जन्मात कधी पलीकडे गेले नव्हते. त्याच्यापुढे एक दगडी डोणी होती आणि डोणीत मधपाणी. घाट चढणारे प्राणी तिथे थांबत, पोटभर मधपाणी पीत, बदल्यात एखादे फळ नाहीतर कंद ठेवत आणि चढाला लागत. मुलांनो, तुमच्या गावाबाहेर पेट्रोलपंप असतो ना, तसेच हे समजा. फरक एवढाच, की इथे टाकी म्हणजे ज्याचे त्याचे पोट.

कासवाचा मध बिनछापाचा होता. कधी माकड जांभळावरचा मध आणून देई, कधी कुणी हिरड्यावरचा. ज्याच्याकडून मिळेल त्याच्याकडून कासव घेई, त्यामुळे आजची चव उद्या नसे. नवखा वाटसरू आधी डोणी हुंगे आणि विचारी, "कुणाचा मध हा?" मग कासव सगळी हकीकत सांगत बसे. निम्मे ऐकून थांबत, निम्मे नाक मुरडून पुढे जात. धंदा असा बेताचाच होता, पण कासवाची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्याचा जीव अडकला होता तो एका पळसमैनेत. बर्फाच्या डोंगरांपलीकडून पळसमैनांचा थवा दर भाद्रपदात या घाटावरून जाई. थवा पुढे निघून जाई, ही एक मात्र मागे रेंगाळे. डोणीच्या काठावर बसून ती पोटभर पिई आणि मग दुपार कलेपर्यंत बोलत राही. कुठे नदी गोठली होती, कुठल्या वाळवंटात रात्री किती थंडी पडते, कुठल्या गावच्या पोरांनी दगड मारले. कासव मान बाहेर काढून ऐके. कधीही न पाहिलेले ते सगळे मुलूख त्याला तिच्या तोंडून पाठ झाले होते. परतताना थवा दुसऱ्या वाटेने जाई, म्हणून भेट वर्षातून एकदाच. उरलेले अकरा महिने कासव तिची वाट पाही. हे ते कुणाला सांगत नसे. पण शेजारच्या टिटवीला ठाऊक होते, कारण टिटवीला सगळेच ठाऊक असते.

एका वर्षी गारांनी जंगलातला फुलोरा झोडपून काढला. मधाची पोळी सुकी राहिली. जो काही थोडा मध निघाला तो घाटात वर राहणाऱ्या एका अस्वलाच्या डोण्यांवर गेला, कारण मधमाश्यांशी त्याचा आधीपासून करार होता. कासवाची डोणी कोरडी पडली, आणि नेमकी त्याच भाद्रपदात मैना आली ती थकून, पंख ओढत.

"दादा, आधी प्यायला दे. बोलू मग," ती म्हणाली.

"मैने, मध संपलाय गं. पाणी आहे ओढ्याचं."

"पाणी तर पाणी," ती हसून म्हणाली. दोन चोची पाणी पिऊन ती लगेच उठली, कारण बसली असती तर तिला पुन्हा उडता आले नसते. कासव तिच्याकडे बघत राहिले. पहिल्या वळणापर्यंत जाता जाता ती दोनदा खाली आली होती. पुढचे काही दिसले नाही. ती घाट चढून गेली की नाही, हे कळायला आता वर्ष जायचे होते. त्या वर्षी कासवाला अन्न गोड लागले नाही.

थंडी सरता सरता अस्वल आले. ते मोठे कामाचे होते आणि बोलायलाही गोड. घाटात त्याच्या तीन डोण्या होत्या, प्रत्येकीच्या शिळेवर पंजाची छाप.

"कासवराव, चौथी डोणी तुमची होऊ द्या," ते म्हणाले. "छप्पर मी घालतो, पिवळ्या झावळ्यांचं, लांबून दिसेल असं. पंजा मी उमटवतो. मध मात्र माझाच ठेवायचा, दुसऱ्या कुणाचा थेंब नको. आणि तुम्ही मागे, सावलीत बसायचं. वाटसरूनं पंजा बघितला पाहिजे. चारी डोण्या अगदी सारख्या, म्हणजे कुणाला शंकाच नको."

कासवाने फार वेळ विचार केला. मग एकच प्रश्न विचारला, "भाद्रपदात डोणी भरलेली असेल?"

"बारा महिने. जंगलात दुष्काळ पडला तरी आधी माझ्या डोण्या भरतात. मागच्या साली बघितलंत ना तुम्ही?"

बघितले होते. म्हणूनच तर विचारले होते.

टिटवीने हे ऐकून आकाशपाताळ एक केले. "अरे, मध तोच आहे! तू घेतोस त्याच जंगलातला. अस्वल त्यात चिमूटभर सुंठ घालतं आणि वर पंजा मारतं. एवढ्यासाठी आपलं दुकान दुसऱ्याच्या नावाचं करायचं?"

"मला माहीत आहे तो तोच मध," कासव म्हणाले. "मी मध घेत नाहीये गं. तो संपणार नाही, एवढा भरवसा घेतोय."

"आणि हे सगळं त्या पाहुणीसाठी?"

कासवाने मान आत ओढून घेतली. टिटवी पंख झटकून ओढ्याकडे उडून गेली.

अस्वलाने शब्द पाळला. छप्पर झाले, पंजा उमटला, डोणी काठोकाठ भरली. असतील शिते तर जमतील भुते, या न्यायाने हरणे आली, रानडुकरे आली, पाठीवर पोर घेतलेल्या वानरी आल्या. कुणी हुंगले नाही, कुणी नाक मुरडले नाही. पंजा बघायचा, प्यायचे, चालू लागायचे. "कुणाचा मध हा?" असे कुणीही विचारीना, आणि मागे सावलीत कोण बसले आहे हेही कुणी विचारीना. कासवाला दिवसभर नुसते पाय दिसत. त्याला थोडे चुकल्यासारखे वाटे. पण ते रोज सकाळी डोणीत डोकावून पाही आणि मनाशी म्हणे, येऊ दे आता, या वर्षी तिला पोटभर मिळेल.

भाद्रपद लागला. एके दिवशी आभाळात कलकलाट झाला आणि पळसमैनांचा थवा डोंगरामागून आला. टिटवी तेव्हा नदीवर गेली होती. छपराखालून कासवाला काही दिसत नव्हते, पण हजार आवाजांतून त्याला तो एक आवाज ओळखू आला.

"दादा! ए दादा!"

म्हणजे ती जिवंत होती! कासवाचा ऊर भरून आला. "इथे, इथे आहे मी!" ते ओरडले, पण डोणीवर वानरांचा गलका चालला होता आणि कासवाचा आवाज तो केवढा. ते लगबगीने बाहेर निघाले. कासवाची लगबग तुम्हाला ठाऊकच आहे. छपराच्या टोकापर्यंत वीस पावले होती. मधे रानडुकरांचे पाय होते, त्यांना वळसा घालावा लागला. ते उघड्यावर पोचले तेव्हा आभाळ रिकामे झाले होते.

डोणीशी एक हरीण तोंड पुसत उभे होते.

"इथे एक पळसमैना आली होती का?" कासवाने धापा टाकत विचारले.

"आली होती की. इथलं कासव कुठे गेलं म्हणून विचारत होती. मी म्हटलं, इथे कसलं कासव? ही तर अस्वलाची डोणी."

"मग?"

"मग तिनं वरच्या तीन डोण्यांकडे बघितलं. सगळ्या सारख्याच की. म्हणाली, मागच्या साली त्याच्याकडे मध नव्हता, उपासानं गेलं असेल बिचारं. बराच वेळ वर घिरट्या घालत होती. रडत होती वाटतं."

"प्यायली का ती?" कासवाने विचारले.

"नाही बुवा. मी म्हटलं तिला, पी की, चांगला आहे. नको म्हणाली."

डोणी काठोकाठ भरलेली होती. कासवाने तिच्याकडे पाहिले आणि ते रडले. अगदी उघड्यावर, सगळ्यांसमोर रडले. संध्याकाळी टिटवी परत आली. तिने सगळे ऐकून घेतले. त्याच्याशेजारी नुसती बसून राहिली.

पंधरा दिवसांनी अस्वल मध घेऊन आले. पाहते तर कासव छपराखाली नाही. बाहेर, भर उन्हात, शिळेला पाठ लावून ते असे बसले होते की पंजाची छाप त्याच्या पाठीमागे पुरती झाकली गेली होती.

"अहो कासवराव, हे काय? पंजा झाकला ना!"

"असू द्या. तुमचा मध चांगला आहे, तो मी ठेवणार. छप्परही राहू द्या. पण पंजा बघणारे आज नाहीतर उद्या येतील. मला बघणारी एकच आहे, ती वर्षातून एकदा येते."

"पण ती तर येऊन गेली म्हणे?"

"गेली."

"मग आता पुढच्या भाद्रपदाला अकरा महिने आहेत. आत्तापासून इथे कशाला बसताय?"

कासव आभाळाकडे बघत म्हणाले, "मागच्या वेळी वीस पावलांनी उशीर झाला."

 अस्वलाने खांद्यावरचा मध डोणीत ओतला, आणि जाता जाता छपराच्या पुढच्या चार झावळ्या काढून टाकल्या, म्हणजे डोंगरामागून येणाऱ्यालाही डोणीशेजारी बसलेले कासव छपराआड न होता दिसावे.

तात्पर्य : परक्यांचा विश्वास बसावा म्हणून दारावर मोठ्याचे नाव लावायला हरकत नाही, पण ज्याच्या ओढीने आपण दार उघडे ठेवतो, त्याला आपले तोंड दिसेल एवढी जागा त्या नावाखाली झाकू देऊ नये.