पहिला घास सुरणाचा

घाटमाथ्यावर बोरजाई नावाचे गाव आहे. वर्षातले कितीतरी दिवस ते धुक्यातच झोपलेले असते. रानोबा महाराज तेथे देवीच्या देवळात उतरले होते. एका एकादशीला विसाजीपंतांनी त्यांना फराळाला बोलावले. पंत मोठे विद्वान, आणि विद्वत्तेहून मोठा त्यांचा ताठा.

पंतांची सून द्वारका कोकणातली. तिच्या आईने गड्याबरोबर भला मोठा सुरण धाडला होता. बोरजाईत तो कोणी पाहिलेलाही नव्हता. पंतांनी नाक मुरडले. म्हणाले, "सूनबाई, हा धोंडा महाराजांना वाढणार? कुणाचा घसा खाजला, तर उद्याच माहेरची वाट धरायची. परत बोलावणे येणार नाही."

बिचारी पोर! सुरण चिरून हात चुरचुरत होते, त्यात हे शब्द. सुरणाची खाज आमसुलाने मरते, हे तिला लहानपणापासून ठाऊक. तिने आमसुले भिजतही घातली होती. पण पाने वाढून झाली, महाराज पाटावर बसले, आणि तिचे लक्ष चुलीकडे गेले. आमसुलांची वाटी तशीच भरलेली! ती वाटी हातात धरून द्वारका दाराशी थिजून उभी राहिली.

महाराजांनी वाटीकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"थांबा पंत. पहिला घास आमचा," महाराज म्हणाले.

त्यांनी घास घेतला आणि डोळे मिटले. धुके माजघरापर्यंत आले. त्याला ओल्या तांबड्या मातीचा वास होता, आणि क्षणभर द्वारकेला वाटले, आपण आईच्या परसातच आहोत. मग महाराज अगदी हळू म्हणाले, "आता घ्या."

पंतांनी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. तो लोण्यासारखा विरघळला! आधी नावे ठेवणारेच मागून वाढून घेतात, हे आपण घरोघर पाहतो. पंतांनी तीनदा घेतले.

द्वारकेला राहवले नाही. "मामंजी, मी आमसूल घालायला विसरले," ती रडत म्हणाली.

पंतांनी ती भरलेली वाटी पाहिली, आणि मग महाराजांकडे वळून पाहिले. महाराजांचे ओठ सुजून लाल झाले होते, घशातून शब्द फुटत नव्हता, तरी चेहऱ्यावर हसू होते. साऱ्या पंगतीची खाज त्या माउलीने एका घासात घेतली होती!

पंत उठले. सुनेच्या हातची वाटी त्यांनी स्वतः महाराजांच्या ओठांशी धरली, आणि मग त्यांच्या पायांवर डोके ठेवले.

"सूनबाई," ते तसेच वाकलेले असताना म्हणाले, "माहेरी निरोप धाड. पुढच्या एकादशीला सुरण हवा म्हणावे."