तीन पडदे, एक कीबोर्ड

एकदा एक तरुण अभियंता धरणांच्या नियंत्रण कक्षात रुजू झाली. शलाका तिचे नाव. कक्षात तीन संगणक होते: वरच्या धरणाचा, खालच्या धरणाचा आणि कालव्याचा. तिन्ही पडदे सतत उजळलेले असत. कीबोर्ड आणि माउस मात्र एकच. टेबलावरच्या लहानशा डबीवर तीन बटणे होती. जे दाबावे, त्या संगणकाला कीबोर्ड जोडला जाई. शलाकाची बोटे त्या बटणांवर विलक्षण चपळाईने फिरत. थांबणे तिच्या स्वभावातच नव्हते. एका संगणकाचे उत्तर उमटण्याआधी ती दुसऱ्याकडे गेलेली असे.

श्रावणातल्या एका दुपारी पाण्याची आवक वाढली. कालव्याचा दरवाजा उघडायचा होता. तेवढ्यात कुणीतरी फोनवर खालच्या धरणाची माहिती विचारली. शलाकाने त्या धरणाचे बटण दाबले, पान उघडून माहिती सांगितली, आणि फोन ठेवता ठेवता कालव्याच्या पडद्याकडे पाहत दरवाजा किती उघडायचा तो आकडा टाकला. कालव्याचे बटण दाबायचे राहूनच गेले. दरवाजा उघडू लागला तो खालच्या धरणाचा.

क्षणात तिथल्या चौकीदाराचा फोन आला. "मॅडम, इशाऱ्याचा भोंगा वाजला नाही आणि दरवाजा वर चाललाय. नदीच्या पात्रात माणसं आहेत."

शलाका कालव्याच्याच पडद्याकडे पाहत राहिली. तिला शिकवण्यासाठी निवृत्तीनंतरही येणाऱ्या वृद्ध खानझोडे सरांनी कीबोर्ड ओढून दरवाजा बंद केला.

संध्याकाळी ती नदीवर गेली. मासे धरणारे दोन भाऊ काठावर भिजून बसले होते. नाव वाहून गेली होती. तिने क्षमा मागितली. धाकटा इतकेच म्हणाला, "दादाला पोहता येत नाही, मॅडम."

दुसऱ्या दिवशी ती कक्षात येरझाऱ्या घालत राहिली. कीबोर्डला हात लावेना. सर स्वतः खुर्चीवर बसले. त्यांची रीत चमत्कारिक होती. बटण दाबले की ते दोन्ही हात मांडीवर घेत. नंतर माउस किंचित हलवून बाण कोणत्या पडद्यावर सरकतो ते पाहत, त्या जागेचे नाव मोठ्याने उच्चारत आणि मगच आकडा टाकत. फोन वाजत होते. शलाका येरझाऱ्या थांबवून म्हणाली,

"सर, पाणी चढतंय. इतका वेळ कशाला? त्यापेक्षा तीन वेगळे कीबोर्ड घेऊ या."

"घेऊ. मग तू घाईत चुकीचा कीबोर्ड ओढशील." सर तिच्याकडे वळले. "बटण दाबलं की कीबोर्ड तत्क्षणी दुसरीकडे जोडला जातो. मनाला तसं बटण नाही. ते आधीच्या कामात गुंतलेलं असतं, सावकाश सुटतं आणि मागून येतं. काल तुझा डोळा कालव्यावर होता, हात खालच्या धरणावर होता आणि मन फोनवरच्या माणसापाशी. ती तिन्ही एका जागी येईपर्यंत मी हात आवरून धरतो. माझं वय झालं म्हणून नव्हे. ज्या पाण्याला मी वाट देतो, त्या वाटेवर कोण उभं आहे ते मला इथून दिसत नाही म्हणून."

ते उठले आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली. आता खालच्या धरणाचा दरवाजा खरोखरच उघडायचा होता.

शलाका बसली. तिने बटण दाबले, हात मांडीवर घेतले. बाण सरकलेला पाहून ती म्हणाली, "खालचं धरण." मग तिने चौकीदाराला फोन लावला. "भोंगा वाजवला?"

"वाजवला, मॅडम."

"सगळे वर आले?"

"एक म्हातारी राहिलीये. धुतलेले कपडे गोळा करतेय."

दुसरा फोन वाजू लागला. शलाकाने तो वाजू दिला.

"करू द्या त्यांना," ती म्हणाली. "मी थांबते."