कोळीणताईची पांढरी पुडी

एक होती कोळीण. आठ पायांची, पण एवढीश्शी. तिची होती एक पांढरी पुडी. पुडीत झोपली होती तिची बाळं.

शाळेतल्या मुलांनी केली गोळा उडवायची फेकणी. काड्यांची. वर चमचा. पण गोळा पडायचा जवळच. मग मुलांनी आणखी काड्या घातल्या, रबर ताणलं, चमचा वाकवून दोऱ्यानं बांधला. आणि कापूस समजून चमच्यात काय ठेवलं? कोळिणीची पुडी.

"घंटा झाली की दोरा कापू," मंदार म्हणाला. मुलं डबे घेऊन बाहेर गेली.

दोरा कापला की पुडी धाडकन भिंतीवर. कोळिणीनं हे सगळं ऐकलं.

तुरुतुरु तुरुतुरु, गेली चमच्याकडे.

"चमच्या चमच्या, पुडी दे. घंटा होईल, भीती वाटते."

"मी हललो तर पुडी उडेल. रबर सैल होईल, तर देईन."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली रबराकडे.

"रबरा रबरा, सैल हो. चमचा पुडी देईना. घंटा होईल, भीती वाटते."

"काड्या सरकतील, तर होईन."

तुरुतुरु तुरुतुरु, गेली काड्यांकडे.

"काड्यांनो काड्यांनो, सरका. रबर सैल होईना, चमचा पुडी देईना. घंटा होईल, भीती वाटते."

"कस्तुरी ओढेल, तर सरकू."

कस्तुरी वर्गातच डबा खात होती. केवढी मोठी मुलगी. केवढाले बूट. कोळिणीला बुटांची फार भीती. तरी गेली. तुरु... तुरु... थांबत थांबत.

"कस्तुरी कस्तुरी, काड्या ओढ. काड्या सरकेनात, रबर सैल होईना, चमचा पुडी देईना. घंटा होईल, भीती वाटते."

कस्तुरीनं पटकन पाय वर घेतले.

"मलाच तुझी भीती वाटते. तू लांब जाशील, तर ओढीन."

लांब? बाळांना सोडून? कोळिणीला रडूच आलं. पण गेली. तुरु... तुरु... पार खिडकीत.

टण टण टण. घंटा झाली. धप धप धप. मुलं आली. मंदारनं कात्री उचलली.

"थांब," कस्तुरी म्हणाली.

कस्तुरीनं ओढल्या काड्या. काड्या सरकल्या, सर्र. रबर सैल झालं, फुस्स. चमचा हलला नाही, पुडी उडाली नाही.

मग कस्तुरीनं दोरा सोडला. चमचा घेऊन हळूहळू खिडकीशी गेली. अगदी जवळ गेली.

"घे गं," ती म्हणाली.

चमच्यानं दिली पुडी. कोळिणीनं ती पोटाशी धरली, घट्ट.

मुलांनी मग फेकणी पुन्हा जोडली, कागदाचाच गोळा केला. टुप्. गोळा गेला लांब. गोष्टी, आता थांब.