पांढरी हिरडी

दगडावर काठ्या पडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. एक नाही, गावातल्या झाडून सगळ्या काठ्या. खड्, खड्, खड्. मी आईच्या पदराला धरून विचारलं, हे काय चाललंय? आई म्हणाली, म्हाकुबाईचा दिवस आहे, गप बघ.

तिची गोष्ट फार जुनी. आमच्या वडजमाळाला वेस होती, पण शाळा नव्हती, तेव्हाची.

म्हाकुबाई धनगराची. माळावर मेंढरं राखायची. कुत्र्याचा ओठ वर करून ती हिरडी बघायची आणि त्याचं दुखणं सांगायची. हिरडी गुलाबी, तर कुत्रं धड. पिवळी, तर कावीळ. निळसर, तर श्वास कोंडलाय. विटेसारखी लाल, तर ऊन लागलंय. मग ती अंगठ्यानं हिरडी दाबायची. अंगठा काढला की पापणी लवेपर्यंत रंग परत यायला हवा. असं म्हणतात, तिचा अंगठा कधी चुकला नाही.

गावच्या रायाजी पाटलाकडे खंड्या नावाचा कुत्रा होता. शेळ्या कोंडायच्या वाडग्यावर राखणीला. एका उन्हाळ्यात लांडग्यानं तिथून दोन करडं उचलली आणि खंड्या भुंकला नाही. उठलासुद्धा नाही. पाटलानं त्याला वेशीजवळच्या दगडाशी बांधला आणि काठ्या घेऊन गाव जमा झालं.

"चांगला माजलाय," कुणी म्हणालं. "फुकटची भाकरी गिळतोय नुसता."

तेवढ्यात म्हाकुबाई आली. कुणाला न विचारता खाली बसली आणि तिनं खंड्याचा ओठ वर केला. हिरडी चुन्यासारखी पांढरी होती. तिनं त्याच्या कानामागचे केस बाजूला केले. तिथे गोचीड. मानेखाली गोचीड. बोटांच्या बेचक्यांत गोचीड. मक्याच्या दाण्याएवढे, टम्म फुगलेले.

"पाटला, हितं बघ."

पाटलाला अरे-तुरे! गाव चपापलं. पाटील हसला. "आता धनगरीण माझ्या कुत्र्याचे दात तपासणार होय?"

"दात न्हाई, हिरडी बघ. ह्याच्यात रक्तच उरलं न्हाई. भुंकायला बी रक्त लागतं, पाटला. रोज ह्याच्या म्होरं भाकर टाकतोस, कधी अंगावरनं हात फिरवला असतास तर कळलं असतं."

"फार बोललीस."

"आठ दिवस दे मला. गोचीड काढते, काळीज शिजवून चारते. तरी भुंकला न्हाई तर ती काठी माझ्या पाठीत घाल."

आठ दिवस. एवढंच तिनं मागितलं. गावातला एक माणूस पुढे आला नाही, एकानं ओठ वर करून बघितलं नाही. बघायला काय लागत होतं? मी म्हातारा झालो, तरी या जागी आलो की माझा राग शमत नाही.

पाटलानं काठी उचलली. धन्याचा हात वर गेलेला बघून खंड्यानं शेपूट हलवली. एकच काठी बसली. दुसरी लागलीच नाही.

म्हाकुबाईनं मेलेल्या खंड्याच्या अंगावरचा एकेक गोचीड काढला आणि त्या दगडावर ठेवला. "हे तुझ्या कुत्र्याचं रक्त," ती म्हणाली. "ज्यानं ज्यानं काठी आणली, त्यानं आता आपलं तोंड उघडून बघावं."

असं म्हणतात, दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा काठी धरणाऱ्या प्रत्येकाच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. कुणाला घागर उचलेना. बैलाला हाक मारायला आवाज फुटेना. गाव दारादारांत बसून राहिलं, आणि आता त्यांना माजलेत म्हणणारं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पाटील काठी टेकत वेशीत आला. म्हाकुबाई तिथेच बसलेली होती. त्यानं काठी दगडावर टाकली. मागोमाग सगळ्यांनी टाकल्या.

"काय करू?" त्यानं विचारलं.

"गावात कुत्री हाईत," ती म्हणाली.

पाटील दारोदार गेला. पायरीवर बसून प्रत्येक कुत्र्याचे गोचीड त्यानं स्वतःच्या बोटांनी काढले. शेवटचं कुत्रं झालं तशी त्याच्या आणि गावाच्या तोंडात लाली आली, असं म्हणतात. तो म्हाकुबाईपुढे उभा राहिला. "आई, माफ केलंस का?" तिनं त्याची हिरडी अंगठ्यानं दाबली, रंग परत आलेला बघितला, आणि मेंढरं हाकत माळापलीकडे गेली. पुन्हा कुणाला दिसली नाही.

अजून दर उन्हाळ्यात त्या दिवशी गाव दगडावर काठ्या टाकतं. जो तो आपल्या कुत्र्याचा ओठ वर करून बघतो, अंगावरचे गोचीड काढतो. शेवटी पाटलाच्या घरचा कर्ता पुरुष तोंड उघडून उभा राहतो. धनगरवाड्यातली सगळ्यात म्हातारी बाई येते, त्याच्या हिरडीवर अंगठा दाबते. तो विचारतो, "आई, माफ केलंस का?"

गाव कान देऊन उभं असतं. म्हातारी अंगठा पदराला पुसते, आणि माळाकडे चालू लागते.