तिन्हीसांजेचा मुलगा

एकदा एका किनाऱ्यावरच्या गावात, घाणा चालवणाऱ्या बेने इस्राएल ज्यू कुटुंबात, शुक्रवारी ऐन तिन्हीसांजेला मुलगा जन्मला. शुक्रवारी रात्र पडली की त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा शनिवार, सुरू होतो. सुंता आठव्या दिवशी व्हायची. पण मुलगा शुक्रवारचा की शनिवारचा?

सासू म्हणाली, "उजेड होता. कोंबड्या अंगणातच होत्या."

सुईण म्हणाली, "काळोख होता. मला नाळ दिसेना!"

बाळंतिणीला कुणी विचारलंच नाही.

प्रार्थना चालवणारे वृद्ध हज्जान म्हणाले, "सुंता रविवारी."

बाळंतिणीचा संयम सुटला. "म्हणजे दहाव्या दिवशी! आजोबा, शेजारी दहावा कुणाचा करतात, ठाऊक आहे ना? माझ्या लेकराला तो दिवस नको. एवढी पोथ्यापुराणं वाचून एक वार धड ठरवता येत नाही तुम्हाला?"

हज्जानांचा शिष्यही पुटपुटला, "इतकं शिकून उत्तर काय, तर माहीत नाही."

गुरुवारी सूर्य कलताच हज्जानांनी अंगणात परात मांडली आणि प्रत्येकाच्या हाती एक चिंचोका दिला. "दिवस संपला वाटेल तेव्हा टाका."

सूर्य बुडताच सुईणीचा चिंचोका वाजला. लाली विरल्यावर शिष्याचा. मग बऱ्याच वेळाने सासूचा. आकाशात तीन तारे स्पष्ट दिसले, तेव्हा हज्जानांनी आपला टाकला.

"सूर्य होता तोवर दिवस. आता रात्र. मधलं कुणाचं, ते आपल्याला सांगितलेलं नाही. शुक्रवारी सुंता केली आणि मूल रात्रीचं असलं, तर सातव्याच दिवशी सुरी लागेल. शब्बाथला सुंता चालते ती नेमक्या आठव्या दिवशीच; शनिवारी केली आणि ते दिवसाचं असलं, तर शब्बाथ विनाकारण मोडेल. संशयाच्या हाती सुरी देऊ नये, पोरी. झालेला उशीर निभावतो, झालेली घाई परत घेता येत नाही. शेजाऱ्यांचा दहावा निरोपाचा. तुझा संशय फिटण्याचा. आणि तुझा चिंचोका कुठाय?"

तिने वैतागून मूठ उघडली. चिंचोका घामाने ओला झाला होता. "मी कधी बघू आभाळ? हा मध्येच रडायला लागला."

"मग इथे शास्त्र तूच पाळलंस," हज्जान हसले. "संशय होता तोवर लेकरू धरून बसलीस."

ती दुपटं नीट करत राहिली.

रविवारी सुंता झाली. जेवताना कुणीतरी विचारलंच, "मुलगा नक्की कुठल्या वाराचा गं?"

"तिन्हीसांजेचा," ती म्हणाली. "आणि पुन्हा विचारलंत, तर हातात चिंचोका देईन."